घोड्याच्या अंगावर गाठ किंवा न भरणारी जखम: मलम लावण्याआधी काय काय तपासायचं

गाठ सहसा डोळ्यांना आधी दिसत नाही, खरारा करताना हाताला लागते. मग पागेत जो तो आपलं निदान सांगतो. एक म्हणतो चामखीळ, दुसरा म्हणतो नायटा, आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर दोन-तीन प्रकारची मलमं चढलेली असतात. मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा त्यानंतर, आणि पहिलं काम असतं ती मलमं धुऊन काढणं. मी पशुवैद्य नाही. पागेचा कारभार सांभाळताना अशा गाठी आणि जखमा पुन्हा पुन्हा हाताळाव्या लागल्या, त्यातून तपासणीचा एक क्रम बसत गेला. तो इथे मांडतोय. सोपं आणि फुकटचं आधी, खर्चाचं शेवटी.

लक्षणं

तुमच्या घोड्याला यातलं काय आहे ते आधी ठरवा.

- रात्रीतून अंगभर गांधी उठल्या आहेत, संध्याकाळी होत्या तिथे सकाळी नाहीत.
- पाठीवर, खोगिराच्या जागी टणक गाठी आहेत. केस शाबूत, दुखत नाही, खाजत नाही.
- केस गेलेला गोल चट्टा, वर कोंडा.
- खपल्या धरल्या आहेत, ओढल्या की केसांच्या झुबक्यासकट निघतात.
- चामखिळीसारखा खडबडीत उंचवटा, एक किंवा पुंजक्याने.
- जखम भरायचं नाव घेत नाही, उलट तिच्यात लाल मांस वाढून वर येतंय.
- शेपटाखाली किंवा गुदद्वाराभोवती काळ्या, गोल, कठीण गाठी.
- पायाच्या आतल्या बाजूने गाठींची रांग, आणि त्यांना जोडणारी जाड दोरीसारखी शीर.

शेवटचं लक्षण असेल तर खालच्या तपासण्या करत बसू नका, लगेच पुढचा भाग वाचा.

आधी हे: इथे हात लावायचा नाही

पायाच्या आतून गाठींची माळ, गाठी फुटून मधासारखा चिकट पू, सोबत नाकातून घट्ट स्राव किंवा नाकात फोड, असं चित्र असेल तर ग्लँडर्सची शंका धरावी लागते. बर्कहोल्डेरिया मॅलिआय नावाच्या जिवाणूमुळे होणारा हा रोग माणसाला लागतो आणि माणसाचा जीवही घेऊ शकतो. अनेक देशांत त्याची शंका जरी आली तरी सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. घोडा वेगळा बांधा. त्याची बादली, तोबरा, खराऱ्याचा ब्रश, सगळं वेगळं. एकाच माणसाने जायचं, हातमोजे आणि मास्क घालून. गाठ फोडायची नाही, पिळायची नाही, धुवायचीही नाही.

अशीच गाठींची माळ स्पोरोट्रायकोसिस या बुरशीमुळे येते आणि कोरिनेबॅक्टेरियम जिवाणूमुळेही. त्यांतली बुरशी माणसाच्या हातावरच्या ओरखड्यातून शिरते. यांच्यात आणि ग्लँडर्समध्ये नुसत्या नजरेने फरक करता येत नाही, प्रयोगशाळाच लागते. म्हणून माळ दिसली की वागणं एकच: वेगळा बांधा, फोन करा.

आणखी दोन प्रसंगांत वाट बघायची नाही. अंगावर गांधी उठल्यात आणि सोबत नाकपुड्या, ओठ किंवा पापण्या सुजून श्वास जड झालाय, तर ती तीव्र ॲलर्जी आहे, काही मिनिटांत बिघडू शकते. आणि डोळ्यावर किंवा पापणीच्या कडेवर काहीही असेल, कितीही लहान, तर त्याच दिवशी डॉक्टर.

तपासणी १: ताप आणि शेजारचे घोडे

थर्मामीटर हे या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन. मोठ्या घोड्याचं विश्रांतीतलं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. रपेटीनंतर किंवा उन्हातून आल्यावर मोजलं तर ते वाढलेलंच दिसणार, म्हणून सकाळी, काम सुरू होण्याआधी मोजा. घोड्याच्या थेट मागे न उभं राहता बाजूला उभे राहा. थर्मामीटरला दोरी बांधून ती शेपटीच्या केसांना अडकवली तर तो आत ओढला जात नाही आणि खाली पडत नाही.

हे महत्त्वाचं का? कारण ताप असेल तर प्रश्न कातडीचा उरत नाही. ताप आणि जबड्याखाली गाठ, घोडा मान ताणून उभा, खाणं कमी, असं असेल तर स्ट्रँगल्स समजून चाला. स्ट्रेप्टोकोकस इक्वाय हा जिवाणू जबड्याखालच्या आणि घशाजवळच्या लसग्रंथींत पू करतो, आणि एका पागेतून दुसऱ्या पागेत बादल्या, लगाम आणि मोतद्दाराच्या हातांवरून फिरतो. यात बहुतेकदा ताप गाठीच्या आधी येतो. म्हणून एका घोड्याला गाठ दिसली की बाकी सगळ्यांचं तापमान रोज मोजायचं आणि ज्याचं चढेल त्याला गाठ यायची वाट न बघता वेगळं करायचं. साथ आटोक्यात आणण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

मग शेजारच्या घोड्यांवर हात फिरवा. एकाच वेळी बऱ्याच जणांना काहीतरी आलंय, तर कारण सगळ्यांना समान आहे: संसर्ग, माश्या, नवा चारा, नवं अंथरूण. एकट्यालाच आलंय, तर ते त्याच्या कातडीचं, त्याच्या खोगिराचं किंवा त्याच्या वयाचं दुखणं असण्याची शक्यता जास्त.

तपासणी २: बोटाने दाबा

अंगठ्याने गाठीवर पाच-दहा सेकंद दाब द्या आणि काढा. खड्डा पडला आणि थोडा वेळ राहिला, तर आत पाणी साठलंय. लहान लहान, वरून चपट्या आणि खड्डा पडणाऱ्या गाठी म्हणजे पित्त उठलंय, माणसाला उठतं तसंच. त्या जागा बदलतात आणि बऱ्याच वेळा २४ ते ४८ तासांत विरतात. मागच्या दोन दिवसांत काय नवीन झालं ते आठवा: इंजेक्शन, लस, माशांचा फवारा, शांपू, खुराकातला बदल. जे नवीन असेल ते बंद करा, अंगावर लावलेलं असेल तर साध्या पाण्याने धुऊन काढा. घरात पडलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका. घोड्यात स्टेरॉइडमुळे खुरांना सूज येऊन तो लंगडा होण्याचा धोका असतो, आणि दुसरं म्हणजे पुढे बायोप्सीची, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायची, वेळ आली तर ते तिचं चित्र बिघडवतं.

पोटाखाली किंवा चारही पायांना खड्डा पडणारी मोठी सूज आली आणि काही आठवड्यांपूर्वी स्ट्रँगल्स होऊन गेला असेल, तर हे पित्त नाही. रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा तो गंभीर प्रकार आहे, त्याच दिवशी डॉक्टर हवा.

खड्डा पडत नाही पण आत काहीतरी डुचमळतंय, आणि काल-परवा लाथ बसली होती किंवा घोडा कशावर तरी आपटला होता, तर आत रक्त साठलंय. ही सूज फोडायची फार ओढ होते. फोडू नका. आतलं रक्त हळूहळू जिरतं. भोक पाडलं की तीच बंद जागा जंतूंना उघडी मिळते आणि साध्या सुजेचं गळू होतं. मानेवर लस टोचल्याच्या जागी आलेली कोमट गाठ बहुधा काही दिवसांत बसते.

पाठीवर गाठ आणि तिच्या मधोमध बारीक छिद्र असेल तर आत माशीची अळी असू शकते. तीही पिळायची नाही, कारण अळी आत फुटली तर घोड्याला तीव्र ॲलर्जी येऊ शकते.

तपासणी ३: गाठ नेमकी कुठे आहे?

मला एकच प्रश्न विचारायची मुभा असती तर मी हाच विचारला असता. गाठीचा रंग-रूप फसवतो, जागा सहसा फसवत नाही.

आधी जे दुखणंच नाही ते बाजूला काढू. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला गुडघ्याच्या वर, आणि मागच्या पायाला आतून हॉकच्या, म्हणजे त्या पायाच्या मधल्या मोठ्या सांध्याच्या, खाली, शिंगासारखा कठीण, सोलपटं निघणारा चट्टा असतो. खुराच्या वरच्या सांध्यामागे, केसांच्या झुबक्यात, तसाच एक छोटा टणक ठिपका सापडतो. हे जन्मजात असतं. नव्या मालकांच्या घाबऱ्या फोनांपैकी बरेच इथेच संपतात.

दीड-दोन वर्षांच्या शिंगराच्या नाकाभोवती आणि ओठांवर करड्या चामखिळींचा पुंजका आला असेल तर तो विषाणूमुळे आहे. काही महिन्यांत आपोआप जातो. ओढू नका, कापू नका. कानाच्या आत पांढरे, पापुद्र्यासारखे चट्टे हेही चामखिळीच्या जातीच्या विषाणूचंच काम. ते आपणहून क्वचितच जातात, पण त्यांचा उपद्रवही क्वचितच होतो. ते खरवडणाऱ्याला एकच गोष्ट हमखास मिळते: पुढची कित्येक वर्षं कानाला हात लावू न देणारा घोडा.

आयाळ आणि शेपटीच्या बुडाशी केस घासून घासून तुटलेत, कातडी जाड झालीय, तर ते बारीक चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी असते. पोटाच्या मध्यरेषेवर खपल्या असतील तर तिथेही आधी चावणाऱ्या माश्या आणि चिलटंच आठवा. कोपराच्या टोकावर मऊ, फुगलेली गाठ आली असेल तर घोडा बसताना स्वतःचाच नाल तिथे टेकतोय का, किंवा अंथरूण पातळ झालंय का ते बघा.

घोडा जन्मतः गडद आणि वयाबरोबर पांढरा होत गेलेला असेल, आणि शेपटाखाली, गुदद्वाराभोवती, ओठांत किंवा कानाखालच्या भागात काळ्या गाठी असतील, तर बहुधा मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचं अर्बुद. १५ वर्षांवरच्या अशा करड्या घोड्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना तो होतो. केस पांढरे करणारा जो जनुकीय बदल २००८ साली सापडला, तोच या गाठींचा धोकाही वाढवतो. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं सावकाश वाढतात, म्हणून "असू दे" म्हणायची पद्धत पडली. मला ती पटत नाही. वाटाण्याएवढी गाठ काढणं सोपं असतं. तीच गाठ मूठभर होऊन लीद करताना अडथळा आणू लागली की काढता येईलच असं नाही. दिसली की डॉक्टरांना दाखवा आणि निर्णय त्यांच्याबरोबर घ्या.

उलट, जिथे कातडी गुलाबी आहे, म्हणजे पांढऱ्या चेहऱ्याच्या घोड्याच्या पापण्या, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा, शिश्न, घोडीची योनी, तिथे न भरणारा फोड किंवा खडबडीत मांस दिसलं तर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या कर्करोगाची शंका पहिली. पापण्यांवर त्याला ऊन कारणीभूत ठरतं. इथे थांबून बघू हा पर्यायच नाही.

काख, जांघ, मांडीची आतली बाजू, कानाचं बूड, डोळ्याभोवती, तोंडाचा कोपरा, आणि जुन्या जखमेचा व्रण. या जागा सारकॉइड नावाच्या कातडीच्या अर्बुदाच्या. त्याच्याकडे पुढे येतो, कारण त्याला वेगळा वेळ द्यावा लागतो.

तपासणी ४: खोगीर, तंग आणि ब्रश

रपेट झाल्यावर खोगीर काढा आणि पाठ पुसण्याआधी नीट बघा. सगळी पाठ घामाने ओली आणि मध्येच एखादा कोरडा डाग असेल, तर तिथे दाब इतका होता की घामच सुटला नाही. दाब बरेच दिवस चालू राहिला की त्या जागी आधी सूज, मग जखम, आणि शेवटी पांढरे केस येतात. जुन्या घोड्याच्या पाठीवरचे पांढरे ठिपके म्हणजे जुन्या खोगिरांच्या तक्रारीच. तंगाखाली कोपराच्या मागे सोलवटलं असेल तर तंगाची घडी, वाळलेला घाम, कापडात अडकलेली काटेरी बी बघा. यावर औषध एकच: जखम पूर्ण भरेपर्यंत खोगीर नाही. खाली मऊ गादी घालून स्वारी चालू ठेवणाऱ्यांची जखम महिनोन्‌महिने तशीच राहते.

पाठीवरच्या टणक, न दुखणाऱ्या, केस शाबूत असलेल्या गाठी बऱ्याचदा इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा निघतात. अर्ध्या सेंटिमीटरपासून पाचेक सेंटिमीटरपर्यंत, एक किंवा अनेक. माश्यांचा चावा हे त्यांचं एक कारण मानलं जातं. खोगिराला लागत नसतील तर त्या जीवावरच्या नाहीत. लागत असतील तर डॉक्टर गाठीत औषध टोचतात किंवा ती काढून टाकतात. जुनी गाठ आतून खड्यासारखी कडक होते, मग टोचण्याचा उपयोग होत नाही. म्हणजे इथेही टाळाटाळ महागातच पडते.

आता नायटा. तंगाची जागा, खोगिराची जागा, तोंड. केस तुटून गोल चट्टा पडतो, वर करडा कोंडा धरतो. एकाच ब्रशने सगळ्या घोड्यांना खरारा करणाऱ्या पागेत तो ठरलेला आहे, आणि मोतद्दाराच्या हातावरही तो उतरतो. प्रत्येक घोड्याचा ब्रश, झूल आणि तंग वेगळा करा, हातमोजे घाला, सामान बुरशीनाशकाने धुवा. निरोगी घोड्यात तो काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांत आपोआपही जातो, पण तोवर अख्ख्या पागेत फिरून येतो.

फसगत होते ती इथे: सारकॉइडचा एक प्रकार हुबेहूब असाच दिसतो. गोल, केस गेलेला, करडा. फरक वागण्यात आहे. नायटा दोन आठवड्यांत काहीतरी हालचाल करतो, पसरतो, शेजारी नवा चट्टा येतो, किंवा कडेने केस उगवू लागतात. सारकॉइडचा चट्टा महिनोन्‌महिने एका जागी तसाच बसून राहतो. नायट्याचं औषध लावून दोन महिने झाले आणि चट्टा जसाच्या तसा आहे, तर औषध बदलू नका, निदान बदला.

तपासणी ५: ऋतू, माश्या आणि ओल

पावसाळी दिवसांत पाठीवर आणि पुठ्ठ्यावर खपल्या आल्या, खपली काढल्यावर केसांचा झुबका रंगाच्या कुंचल्यासारखा हातात आला आणि खाली गुलाबी, ओलसर कातडी दिसली, तर ते डर्माटोफिलस जिवाणूचं काम. खाज कमी, दुखणं जास्त. घोडा कोरड्यात घ्या. क्लोरहेक्सिडिनच्या शांपूने भिजवा, दहा मिनिटं तसाच ठेवा, धुवा आणि पूर्ण वाळवा. मऊ झालेल्या खपल्या आपणहून सुटतील तेवढ्याच काढा. कोरड्या खपल्या ओढल्या तर घोड्याला दुखतं, आणि तो पुढच्या वेळी उभा राहत नाही. तेलकट मलम नको, त्याच्या थराखाली ओल कोंडते. आठवडाभर नीट केल्यावरही नव्या खपल्या येत असतील तर डॉक्टर. खुरांच्या मागच्या खळग्यातल्या भेगा-खपल्यांनाही हेच लागू. मात्र पायाला लांब, दाट केस असलेल्या जातींत आधी खरजेचे किडे तपासून घ्या.

उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात येणारी, थंडीत भरणारी आणि पुढच्या वर्षी त्याच जागी परतणारी जखम ही बहुतेक हॅब्रोनेमाची. तिला बरसाती असंही म्हणतात. हा जंत खरं तर घोड्याच्या जठरात राहतो. त्याच्या अळ्या लिदीतून माशीच्या पोटात जातात आणि माशी घोड्याच्या ओठांवर बसली की तिथून परत जठरात पोचतात. पण माशी ओलसर जखमेवर, डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा शिश्नावर बसली, तर अळ्या चुकीच्या जागी उतरतात. त्यांना पुढे जाता येत नाही, आणि शरीर त्यांच्याशी भांडत राहतं. म्हणून जखम भरत नाही, लाल दाणेदार मांस वाढतं, आणि त्यात तांदळाच्या कणीएवढे पिवळे, कचकचणारे खडे सापडतात. ते खडे मोठी खूण आहेत. यावर आयव्हरमेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन चालतं, पण मात्रा वजनावर असते आणि बऱ्याचदा सोबत सूज उतरवणारं औषध लागतं, म्हणून ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून द्या. तुमच्या हातातलं काम वेगळं आहे: लीद रोज उचलणं, जखम झाकणं, माश्यांपासून बचाव करणारी जाळी घालणं. ते केलं नाही तर औषधाने भरलेली जखम पुन्हा उघडते.

चिलटांच्या ॲलर्जीतही औषधापेक्षा वेळापत्रक जास्त कामाला येतं. ती चिलटं पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतात आणि फार चांगली उडत नाहीत. त्या वेळी घोडा आत घ्या आणि पंखा लावा. वाऱ्यात त्यांना अंगावर टिकता येत नाही.

एक मजेदार प्रकार: उन्हाच्या दिवसांत मानेवर, खांद्यावर छोटी गाठ येते, फुटते, रक्ताचा ओघळ येतो आणि जखम लगेच मिटते. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे. हा पॅराफिलेरिया नावाचा कातडीखालचा जंत. चीनच्या हान सम्राट वूने मध्य आशियातल्या फरगाण्याच्या ज्या घोड्यांसाठी इसवी सनपूर्व १०४ मध्ये सैन्य धाडलं, त्यांना रक्ताचा घाम येतो अशी ख्याती होती. त्याचं एक स्पष्टीकरण हाच जंत असल्याचं देतात. तुमच्या घोड्याला असं झालं तर घाबरू नका, जखमांवर माश्या बसू देऊ नका आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.

मजेदार नसलेला प्रकार पिथियमचा, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या एका बुरशीसारख्या जीवाचा. साचलेल्या पाण्यात, दलदलीत उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या पायाला किंवा पोटाला जखम होते आणि बघता बघता पसरते. प्रचंड खाज, तारांसारखा लोंबणारा स्राव, आत पिवळट, पोवळ्यासारखे कडक तुकडे. ही जखम दिवसागणिक वाढते आणि उशीर झाला तर कापूनही पूर्ण निघत नाही. दोन-तीन दिवसांत आकार स्पष्ट वाढलेला दिसला तर मोजमापाचा नाद सोडा आणि डॉक्टर बोलवा.

तपासणी ६: फोटो, मोजपट्टी, दोन आठवडे

ही फक्त अशा गाठीसाठी, जी एका सेंटिमीटरहून लहान आहे, दुखत नाही, फुटलेली नाही, आणि डोळा, जननेंद्रिय किंवा तंग-खोगिराच्या जागी नाही. गाठीशेजारी मोजपट्टी धरून रोज नव्हे, आठवड्यातून एकदा फोटो काढा. त्याच अंतरावरून, त्याच उजेडात. तारीख लिहा. दोन आठवडे काहीही लावायचं नाही.

का? कारण आठवणीतली गाठ नेहमी आजच्याएवढीच असते. फोटोवरून डॉक्टरांना तिचा वेग कळतो, आणि वेग म्हणजे अर्धं निदान.

तपासणी ७: हे सारकॉइड तर नाही ना?

घोड्याच्या कातडीवर सर्वांत जास्त आढळणारी अर्बुदाची गाठ म्हणजे सारकॉइड. गायीबैलांना चामखीळ आणणारा पॅपिलोमा विषाणू घोड्याच्या कातडीत शिरतो तेव्हा ती होते. चेहरे अनेक: सपाट केसगळीचा चट्टा, चामखिळीसारखा खडबडीत, कातडीखाली सरकणारी गोटी, किंवा उघडं, रक्ताळलेलं मांस. एकाच घोड्यावर दोन-तीन प्रकार एकदम सापडतात. ती शरीरात आत पसरत नाही, जीव सहसा घेत नाही. पण जागेवर हट्टाने वाढते आणि अर्धवट काढली तर पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत येते.

तिचा खरा स्वभाव हा की डिवचलेली तिला चालत नाही. वर्षानुवर्षं शांत असलेला चट्टा खरवडला, जाळला, त्यावर मोरचूद किंवा दाहक मलम चोळलं, किंवा दोऱ्याने आवळला की काही आठवड्यांत तो रक्ताळलेल्या मांसाच्या गोळ्यात बदलू शकतो. सुरुवातीला मलमांवर मी जो राग काढला तो यासाठी. साध्या गाठीवर चुकीचं मलम लावल्याने पैसे जातात; सारकॉइडवर लावल्याने सोपी केस अवघड होते.

जागा सारकॉइडची आणि रूपही जुळतं, तर तुमच्या बाजूने काम संपलं. इथून पुढे फक्त डॉक्टर. बायोप्सीनेही ती चिडू शकते, म्हणून तुकडा घेण्याआधी पुढचा उपचार काय, कधी, कोण करणार हे ठरलेलं असावं. शीतोपचार, लेझर, गाठीत टोचायची औषधं, विशिष्ट मलमं असे पर्याय जागेनुसार निवडतात. यांतला एकच सगळ्या गाठींना चालतो असं सांगणाऱ्यापासून जपा.

पायावरची न भरणारी जखम

गुडघ्याच्या आणि हॉकच्या खाली मांस जवळजवळ नसतं, कातडी ताणलेली, सांधा सतत हलता. म्हणून तिथली जखम भरताना आतलं नवं मांस कातडीच्या पातळीवर थांबत नाही, वर उगवतं. या वाढीव मांसात नसा नसतात, त्यामुळे घोड्याला ते दुखत नाही, पण रक्त भरपूर असतं. डॉक्टर ते कातडीच्या पातळीला छाटतात आणि घट्ट पट्टी बांधतात. दाहक पूड टाकून ते जाळायची जुनी रीत आहे. तिने वाढीव मांसाबरोबर कडेने सरकणारी कोवळी कातडीही जळते, म्हणजे जी जखम झाकणार तीच.

घरी करायचं ते इतकंच: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्याने धुवायचं, स्वच्छ पट्टी, कोरडं अंथरूण. तीन आठवड्यांत कडा आत सरकलेल्या दिसल्या नाहीत तर कारण आत आहे. काटा किंवा लाकडाचा तुकडा, हाडाचा मेलेला तुकडा, हॅब्रोनेमा, किंवा जखमेत बसलेला सारकॉइड. हाडाचा तुकडा एक्स-रेत दिसतो, बाकीच्यांसाठी नमुना लागतो. जखम सांध्यावर किंवा सांध्याजवळ असेल आणि घोडा लंगडत असेल तर तीन आठवडे नव्हे, तीन तासही थांबू नका. सांध्यात जंतू शिरले तर घोडा कायमचा जायबंदी होतो.

डॉक्टर आल्यावर

डॉक्टर कातडी खरवडून किडे बघतील, चट्ट्याच्या कडेचे केस उपटून बुरशीसाठी पाठवतील, गाठीत सुई घालून पेशी काढतील, किंवा सहा-आठ मिलिमीटरचा गोल तुकडा काढून तपासायला देतील. बुरशी वाढवून अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, त्याला तक्रार नको. लहान गाठ असेल तर अर्धी काढण्यापेक्षा पूर्ण काढून तीच पाठवणं बऱ्याचदा शहाणपणाचं, तसं विचारून बघा.

ते येण्याआधी खपल्या धुऊन अंग चकचकीत करू नका, नमुना त्या खपल्यांतच असतो. फोनवर सांगायला या गोष्टी तयार ठेवा: घोड्याचं वय आणि रंग, गाठ पहिल्यांदा कधी दिसली, आजचं तापमान, खाजते की दुखते, बाकी घोड्यांची अवस्था, आणि आतापर्यंत लावलेलं आणि टोचलेलं सगळं, विशेषतः स्टेरॉइड. लाज वाटण्यासारखा घरगुती उपाय केला असेल तर तोही सांगा.

बायोप्सीचा अहवाल आला की त्याची प्रत आणि गाठीचे तारखेसकट फोटो घोड्याच्या कागदपत्रांत ठेवा. सारकॉइड आणि मेलॅनोमा दोन्ही काही वर्षांनी पुन्हा डोकं वर काढतात, आणि तोवर डॉक्टर, मोतद्दार, कधी कधी मालकही बदललेला असतो.